फाटक कोणी उघडलं?

"अहो, आमच्याकडे आहे काय चोरायला?"

दिव्यातल्या एका छोट्या पतपेढीच्या सचिवांनी मला हा प्रश्न विचारला. हातात चहाचा कप, टेबलाखाली लुकलुकणारा राउटर. म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. चारशे सभासद, तीन संगणक, एक कुरकुरणारा प्रिंटर. ज्याला लुटायचंच आहे तो मुंबईतल्या बड्या बँका सोडून दातिवलीच्या रस्त्यावर कशाला तडफडेल? शाळेचे लेखनिक, पॅथॉलॉजी लॅबवाले, क्लासवाले, सगळे हेच विचारतात. अशा ठिकाणी 'सिस्टीम अ‍ॅडमिन' म्हणजे तो मुलगा, ज्याने एकदा अडकलेला प्रिंटर चालू करून दिला आणि तेव्हापासून जो कायमचा 'कॉम्प्युटरवाला' ठरला. हे प्रकरण त्याच्यासाठी आहे.

१. तुमचा पत्ता कोण शोधतो?

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जागेला आकड्यांचा एक पत्ता असतो. आजही सर्रास चालणाऱ्या जुन्या पद्धतीत असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ऐकायला अफाट वाटतात. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचं एक साधन तयार केलं. एकच संगणक आणि एक वेगवान जोडणी हाताशी असेल, तर ते जवळपास या सगळ्या पत्त्यांवर एकेक टकटक पाऊण तासाच्या आत करून येत असे. दिव्याहून सुटलेली स्लो लोकल सीएसएमटीला पोचायच्या आत जगातलं प्रत्येक दार वाजवून झालेलं असतं.

म्हणजे तुम्हाला कोणी निवडत नाही. चाळीतून फिरणारा भुरटा जसा प्रत्येक दाराची कडी हलवून बघतो, तसं हे यंत्र हलवून बघतं. ज्या दाराची कडी सैल, ते घर त्याचं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या किड्याने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर याच रीतीने ताब्यात घेतले. त्याच्याकडे कसलीही दिव्य विद्या नव्हती. कारखान्यातून येताना यंत्रांवर जे नाव-पासवर्ड घातलेले असतात, त्यांच्या साठ-बासष्ट जोड्यांची एक यादी होती, इतकंच.

आता सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर. चोरायला तुमचा संगणक आहे, तुमची इंटरनेटची लाइन आहे, सभासदांच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती आहेत. आणि समजा यातलं काहीच कोणाला नको असलं, तरी तुमचा हिशेब तुम्हाला स्वतःला तर हवाच असतो ना? खंडणीखोर तेवढीच किंमत मागतो. त्याला फाइली चोरायचीही गरज नसते, तो त्यांना स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली विकायला बसतो.

२. फाटक

दिवेकराला फायरवॉल समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात, कारण त्याने आयुष्याचा बराच भाग स्टेशनजवळच्या फाटकात उभं राहून काढलेला असतो. रिक्षा, टेम्पो, शाळेची मुलं पलीकडे जायला थांबलेली. फाटक उघडलं की गाड्यांना लाल सिग्नल. फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, अशी यंत्रणेचीच बांधणी असते. गर्दीच्या वेळी एकदा फाटक बंद व्हायला उशीर झाला की मागे गाड्या खोळंबतात आणि डोंबिवलीच्या फलाटावर 'दिव्याचं फाटक' हे शब्द शिवीसारखे उच्चारले जातात.

तुमच्या राउटरवरही अशी फाटकं आहेत. त्यांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात, ६५,५३५ पर्यंत. ती उघडी-बंद ठेवणारा फाटकवाला म्हणजे फायरवॉल. वेबसाइटची ये-जा बहुतेक ४४३ वर. विंडोजचा संगणक दुरून चालवायचा असेल तर ३३८९. साधा राउटर बाहेरून आत येणारी सगळी फाटकं मुळात बंदच ठेवतो. मग ती उघडतं कोण? आपणच. आणि उघडणाऱ्याचा हेतू दर वेळी चांगलाच असतो.

त्या पतपेढीत आम्ही एक कोरा कागद घेतला आणि प्रत्येक उघड्या फाटकासमोर तीन गोष्टी लिहिल्या: कोणासाठी उघडलं, केव्हापासून, आजही लागतं का. फाटकं तीन निघाली. ३३८९ हे लॉकडाउनमध्ये हिशेबनिसाला घरून टॅली चालवता यावी म्हणून उघडलं होतं. तो हिशेबनीस नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. फाटक मात्र अजून त्याची वाट बघत उभं. दुसरं सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं, अध्यक्षांना मोबाइलवर कार्यालय बघता यावं म्हणून. तिसरं खुद्द राउटरच्या सेटिंगचं पान, जगाला खुलं, आणि पासवर्ड राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला तोच.

पहिलं आणि तिसरं त्याच दिवशी बंद केलं. दुसऱ्यासाठी व्हीपीएन बसवलं. व्हीपीएन म्हणजे फाटक रस्त्यावर उघडण्याऐवजी आतून काढलेला खासगी पादचारी पूल, ज्याच्या तोंडाशीच ओळखपत्र तपासलं जातं. अध्यक्षांना आता एक बटण जास्त दाबावं लागतं आणि ते अजून कुरकुरतात.

ही तपासणी कार्यालयाच्या वाय-फायवर बसून करू नका. घरात बसून बाहेरची कडी लागली आहे का ते दिसत नाही. मोबाइलच्या डेटावरून, बाहेरच्या नजरेने बघा. आणि फक्त स्वतःच्या पत्त्यावर, संस्थेची लेखी परवानगी घेऊन. दुसऱ्याचं दार 'सहज' हलवून बघणं तुम्हाला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ पर्यंत पोचवू शकतं.

३. शेवा बंदर, २७ जून २०१७

न्हावा-शेव्याच्या बंदरातून उत्तरेकडे निघालेल्या कंटेनरच्या मालगाड्या पनवेल-दिवा-वसई मार्गाने जातात. दिव्याच्या पुलावर उभं राहिलं की निळे, तांबडे डबे संथपणे सरकताना दिसतात. २७ जून २०१७ रोजी या बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातलं. कोणता डबा कुठल्या रांगेत, कोणत्या जहाजाचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर क्रेन शाबूत असून काय उपयोग? काम ठप्प झालं, ट्रक खोळंबले.

शेव्यावर कोणी डूख धरला होता का? मुळीच नाही. ही आग लागली होती युक्रेनमध्ये. तिथे कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एमईडॉक' या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये कोणीतरी 'नॉटपेट्या' हा किडा घुसवला. मर्स्कच्या तिथल्या कार्यालयातही ते सॉफ्टवेअर होतं. बाकीचं काम समूहाच्या स्वतःच्याच नेटवर्कने केलं.

किडा दोन पायांवर चालत होता. पहिला पाय म्हणजे विंडोजमधलं एक भोक. सॉफ्टवेअरमध्ये असं भोक सापडलं की कंपनी ते बुजवणारं ठिगळ देते, त्यालाच पॅच म्हणतात. या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. मे महिन्यात 'वॉनाक्राय' या दुसऱ्या किड्याने त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला, तरीही जूनपर्यंत असंख्य यंत्रांवर ठिगळ लागलेलं नव्हतं. "अपडेट टाकलं की प्रिंटर बंद पडतो" हे कारण मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की त्यात तथ्य आहे हे मी मान्यच करतो. पण प्रिंटर पुन्हा चालू करता येतो.

दुसरा पाय जास्त वाईट. किडा एका संगणकात शिरला की त्याच्या स्मृतीत पडलेले पासवर्ड उचलायचा. त्यात अ‍ॅडमिनचा पासवर्ड सापडला की शेजारचा संगणक पॅच लावलेला असला तरी त्याला रीतसर किल्लीने उघडायचा. म्हणजे शंभरातले नव्याण्णव संगणक धडधाकट असले, एकच आजारी असला आणि सगळ्यांचा अ‍ॅडमिन पासवर्ड सारखा असला, तर शंभरही गेले.

साधी लोकल आठवा. तिच्या एका डब्यातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. पाकीटमाराला पुढच्या स्टेशनावर उतरूनच डबा बदलावा लागतो. एसी लोकलमध्ये डबे आतून जोडलेले, तो आतल्या आत डबे बदलत फिरेल. प्रवाशांसाठी एसी लोकल उत्तम, नेटवर्कसाठी साधी. हिशेबाचे संगणक एका डब्यात, कॅमेरे दुसऱ्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं वाय-फाय तिसऱ्यात. बऱ्याच राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' ही सोय असते आणि वर्षानुवर्षं तिला कोणी हात लावत नाही. जरा बरा स्विच असेल तर व्हीलॅन करता येतं. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर आखलेले वेगळे डबे.

मर्स्कचं पुढे काय झालं, ते त्यांच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला स्वतः सांगितलं: दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी, की कादंबरीत घातली तर वाचक नावं ठेवतील. कोणाला कुठे प्रवेश आहे याची मुख्य नोंदवही ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर होते, एकमेकांची नक्कल ठेवणारे. त्यामुळे एक गेला तर दुसरा आहेच, असा विश्वास. किड्याने सगळेच एकदम नेले. वाचला एकच, घानातला. कारण किडा पोचला त्या वेळी तिथे वीज गेली होती. आपल्याकडे वीज गेली की आपण शिव्या देतो, तिथे एका महाकाय कंपनीने त्या अंधाराचे आभार मानले असतील. एकमेकांना सतत जोडलेल्या नकला म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्यांना त्या अंधाराने दाखवलं.

४. किल्ल्या

इथे थोडं गणित. फक्त लहान इंग्रजी अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घ्या. शक्यता २६ गुणिले २६, असं आठ वेळा, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. पासवर्डांची सांकेतिक फाइलच चोराच्या हाती लागली आणि त्याचं यंत्र सेकंदाला हजार कोटी अंदाज करत असेल (हा वेग आज अवाजवी नाही), तर पुरतात एकवीस सेकंद. आता ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून पाच शब्द उचला आणि ओळीने लिहा. त्याच वेगाने सगळ्या शक्यता संपवायला सुमारे नव्वद वर्षं लागतील. शब्द फाशांनीच निवडायचे. डोक्याने निवडले की मुलांची नावं, गावचं दैवत आणि लग्नाची तारीख एवढ्यातच माणूस फिरतो.

बाकीचं थोडक्यात. प्रत्येक यंत्राचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा. रोजचं काम साध्या खात्यावरून, अ‍ॅडमिनचं खातं गरजेपुरतं. ईमेल, बँक आणि राउटर यांना जिथे जमेल तिथे दुसरी ओळख, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरचा बदलता आकडा. माणूस नोकरी सोडून गेला की निरोपाच्या पेढ्यांबरोबरच त्याचं खातं बंद.

५. मधल्या तारेवरचा आवाज

आता पुण्याला जाऊ. कॉसमॉस को-ऑपरेटिव्ह बँक, स्थापना १९०६. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांमधल्या एटीएमांतून सुमारे १२,००० व्यवहारांनी ७८ कोटी रुपये निघाले. भारतातही २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी निघाले, त्यातले काही कोल्हापुरातल्या एटीएमांमधून. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशवहनातून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४.४२ कोटी.

मजा म्हणजे यात एकाही खातेदाराची शिल्लक कमी झाली नाही. हे कसं शक्य आहे?

पुन्हा फाटकावर या. समजा फाटकवाला स्टेशन मास्तरला फोन करतो, "साहेब, उघडू का?" आणि मास्तर वेळापत्रक बघून हो किंवा नाही म्हणतो. आता कोणी तारेच्या मध्येच बसला आणि मास्तरच्या आवाजात "उघड" म्हणत राहिला तर? फाटकवाल्याची चूक नाही. मास्तरला पत्ताच नाही. मास्तरच्या वहीत नोंदही नाही.

एटीएममध्ये कार्ड घातलं की प्रश्न एका 'स्विच'कडे जातो. हा स्विच म्हणजे निरोप्या. तो बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, खात्यात पैसे आहेत का? चोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरून या निरोप्याच्या जागी आपला तोतया उभा केला. कार्डांच्या नकला केल्या होत्या. तोतया प्रत्येकाला "पैसे आहेत, द्या" म्हणत गेला. मुख्य प्रणालीला कोणी विचारलंच नाही, मग खात्यांतून वजावट होणार कशी? संयुक्त राष्ट्रांच्या एका तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या हल्ल्यासाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. पण भारतातल्या एटीएमांसमोर उभे राहून नोटा मोजणारे हात इथलेच होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं.

माझ्या मते आपल्या भागातल्या प्रत्येक अ‍ॅडमिनने मुळापासून समजून घ्यावी अशी ही घटना आहे. कारण पतपेढी असो की शाळा, आपण यंत्रांवर असाच आंधळा विश्वास ठेवतो. कार्यालयाच्या आतून आलेला प्रत्येक निरोप आपल्याला खरा वाटतो. "साहेबांचा मेल आला, नवीन खात्यात पैसे टाका" हा तोतया निरोप्याचाच धाकटा भाऊ. त्याला उपाय म्हणजे दुसरी तार. मेलवर आलेली सूचना फोनवर पडताळायची, आणि फोन मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर करायचा. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावरून होतात, त्यावर दुसरं काहीही नाही. व्हॉट्सअ‍ॅप नाही, लग्नाच्या पत्रिका छापणं नाही.

आणि वार बघा. शनिवार. चोर आपली सुट्टी आपल्यापेक्षा नीट लक्षात ठेवतो. 'रात्री अकरानंतर लॉगिन झालं तर मला एसएमएस कर' इतका एक नियमही पुष्कळ काम करतो.

६. एमआयडीसी आणि दुसरं कपाट

दिव्याच्या पुढचंच स्टेशन कोपर, त्यानंतर डोंबिवली, आणि तिथली एमआयडीसी आपल्या रोजच्या बोलण्यातली. २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी (पुन्हा सुट्टी), महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजेच एमआयडीसीच्या, संगणकांवर 'सिनॅक' नावाच्या खंडणी किड्याने हल्ला केला. मुंबईच्या मुख्यालयासकट प्रादेशिक कार्यालयांचं काम अडलं. खंडणीच्या आकड्यांवर तेव्हा बातम्या रंगल्या. मला महत्त्वाची वाटली ती महामंडळाच्या निवेदनातली एक रुक्ष बाब: बॅकअपच्या फाइली नेटवर्कच्या वेगळ्या भागात होत्या आणि तिथे लागण पोचली नव्हती.

आमच्या पतपेढीतही बॅकअप होता. रोज संध्याकाळी, न चुकता, पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह मात्र त्याच संगणकात दिवसरात्र खोचलेला. किडा आला असता तर त्याने मूळ आणि नक्कल एकाच घासात खाल्ली असती.

जुनी रीत सोपी आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. आता पतपेढीत दोन पोर्टेबल डिस्क आहेत, 'सम' आणि 'विषम'. तारखेप्रमाणे एक जोडायची, बॅकअप झाला की काढून कपाटात. तिसरी प्रत कुलूपबंद करून क्लाउडवर. कपाट वरच्या मजल्यावर हवं हे मात्र दिव्यात कोणाला पटवून द्यावं लागत नाही. २६ जुलै २००५ चं पाणी पाहिलेला माणूस तळमजल्यावर कागदसुद्धा ठेवत नाही.

७. घड्याळ

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली. आपल्या शेजारच्या कळव्याच्या उपकेंद्राचं नाव दिवसभर बातम्यांत होतं. तेव्हा लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी होत्या, त्याही जागच्या जागी थांबल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. मी यात निवाडा देणारा कोण? पण प्रत्येक अ‍ॅडमिनच्या आयुष्यात याची छोटी आवृत्ती येते. सर्व्हर पडतो आणि सगळे विचारतात: हल्ला होता की कोणाचा पाय वायरीत अडकला?

उत्तर फक्त नोंदवहीत असतं. लॉग म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली डायरी: कोण आलं, कुठून, किती वाजता. दोन यंत्रांची घड्याळं सात मिनिटांनी वेगळी असतील तर डायऱ्या जुळत नाहीत आणि आधी काय घडलं, नंतर काय, हेच कळत नाही. म्हणून सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये घड्याळाचाही उल्लेख आहे. सेवा पुरवणाऱ्या, व्यावसायिक आणि सरकारी संस्थांनी आपली यंत्रं प्रमाण वेळेशी जुळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची. पैसे गेले असतील तर त्याआधी १९३० हा क्रमांक फिरवा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. लॉगची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या, कारण आत शिरलेला माणूस आधी डायरीचीच पानं फाडतो.

हे सगळं झाल्यावर एका रविवारी मी सचिवांना म्हटलं, "काका, आज आपला सर्व्हर जळाला असं समजू." त्यांनी दचकून सर्व्हरकडे पाहिलं. एक जुना रिकामा संगणक घेतला, 'विषम' डिस्क लावली आणि पतपेढी पुन्हा उभी करायला बसलो. वाटलं होतं तासाभराचं काम. लागले सव्वाचार तास. हिशेब सगळा आला, पैशापैशाने जुळला. पण सभासदांच्या सह्यांचे नमुने कुठेच नव्हते. ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये होते आणि बॅकअपच्या यादीत त्याचं नाव घालायचं राहून गेलं होतं, कोणास ठाऊक किती वर्षांपासून. काकांनी चहा खाली ठेवला, कपाटातून तो तीन रकान्यांचा कागद काढला आणि त्याच्या पाठीवर नवीन यादी लिहायला घेतली.